राणीची बाग आणि ती उभी करणारं मंडळ

मंडळी, राणीची बाग म्हटलं की आपल्याला आधी आठवतात प्राणी. हत्ती, माकडं, आणि आता पेंग्विन. पण भायखळ्याची ही बाग मुळात झाडांसाठी केलेली आहे. ती केली 'अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या मंडळाने. नाव भारदस्त आहे, पण आपण तिला सरळ बागमंडळ म्हणू. आज तिची गोष्ट सांगायची आहे, कारण बाग कोणी आणि कशासाठी केली हे शहर विसरलं की काय होतं, ते या गोष्टीत दिसतं.

हे मंडळ १८३०च्या सुमाराचं. त्याची पहिली बाग भायखळ्याला नव्हे, शिवडीला होती. त्या काळात अशी मंडळं काय करत? सभासदांकडून वर्गणी घ्यायची, परदेशातून बी-बियाणं आणि रोपं मागवायची, इथल्या हवेत काय तगतं ते पाहायचं आणि तगलेलं वाटायचं. थोडी शेती, थोडी हौस, थोडा साम्राज्याचा व्यापार. तिन्ही एकात मिसळलेलं. शिवडीच्या बागेशी जॉन ग्रॅहॅम नावाच्या माणसाचा जवळचा संबंध होता. हा काही पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे, मुंबईच्या पोस्टखात्यातला अधिकारी. टपाल सांभाळता सांभाळता त्याने मुंबई आणि आसपासच्या झाडाझुडपांची सूची करायला घेतली. १८३९मध्ये खंडाळ्याला तो वारला, तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर होता. पुस्तकाची छपाई अर्धवट राहिली होती. ती त्याचा मित्र निम्मो याने पुरी केली. मुंबईच्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्याला आजही ती सूची उघडावी लागते. हौशी मंडळातून काय निघू शकतं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आता १८६०कडे या. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा अक्षरशः सांडत होता. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात किल्ल्याचे तट पाडले गेले, रस्ते रुंद झाले, मोठ्या इमारतींचे बेत झाले. शहर सुंदर दिसलं पाहिजे ही कल्पना तेव्हा जोरात होती. त्याच भरात बागमंडळाने माझगाव-भायखळ्याकडच्या सुमारे ३३ एकरांत नवी बाग आखली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं, आणि लोकांनी त्याचं 'राणीचा बाग' करून टाकलं. बाग तो की बाग ती, यावर मुंबईकरांचं अजून एकमत नाही, तो वाद आपण सोडून देऊ.

यामागे खटपट करणाऱ्यांत जॉर्ज बर्डवुड हे डॉक्टर होते, बेळगावात जन्मलेले. बागेतच वस्तुसंग्रहालय व्हावं म्हणून त्यांच्याबरोबर जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड झटत होते. डेव्हिड ससून यांच्या पैशातून घड्याळाचा मनोरा झाला. इंग्रज, मराठी, बगदादी यहुदी अशी सगळ्यांची वर्गणी तिथे एकत्र आली.

पण मग १८६५ उजाडलं. अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअरबाजार बुडाला, काल लाखांत खेळणारे दिवाळखोर झाले. नाना शंकरशेट त्याच वर्षी गेले. त्याच वर्षी म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी मंडळाची शिवडीची जागा दफनभूमीसाठी घेतली. ती दफनभूमी आजही आहे. ग्रॅहॅमच्या वेळची बाग तिच्या पोटात गेली. १८६८मध्ये प्रकृती बिघडल्यामुळे बर्डवुड विलायतेला परतले. वर्गणी देणारे बुडाले, धडपडणारे गेले. अशा वेळी मंडळ तगणं अवघडच होतं, असं मला वाटतं. १८७२मध्ये संग्रहालयाची इमारत खुली झाली खरी, पण पुढच्याच वर्षी, १८७३मध्ये, मंडळ संपलं आणि बाग पालिकेकडे गेली.

पालिकेने ती सांभाळली, हे कबूल केलं पाहिजे. पुढे १८९०मध्ये सुमारे १५ एकर जागा जोडून प्राणी आणले. तिथून लोकांच्या मनात झाडं मागे पडली आणि पिंजरे पुढे आले. नाव बदलून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं. मंडळाची आठवण तर कुणालाच उरली नाही.

त्याचा परिणाम २००७मध्ये दिसला. परदेशी सल्लागारांच्या मदतीने प्राणिसंग्रहालयाचा कोट्यवधींचा नवा आराखडा आला. जागा 'विकसित' करायची म्हणजे जुनी झाडं आणि जुनी आखणी यांवर गदा येणार होती. तेव्हा काही नागरिक, त्यात बायका आघाडीवर, उभे राहिले. त्यांनी काय केलं? झाडं मोजली, ओळखली, त्यांची नावं लिहून काढली. तीन हजारांच्या आसपास झाडं आणि अडीचशेहून अधिक जाती! गोरखचिंच, कैलासपती, ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी. हा वारसा आहे, असं वारसा समितीपुढे मांडलं. तो मूळ आराखडा मागे घ्यावा लागला. बदललेल्या योजना पुढे आल्याच, पेंग्विनही आले आणि भांडणही चालू राहिलं. पण बागेचा बराचसा जुना भाग उभा राहिला. २०१२मध्ये बागेला दीडशे वर्षं झाली, तेव्हा त्याच लोकांनी तिच्यावर पुस्तक काढलं. ग्रॅहॅमने पोस्टाचं काम सांभाळून जे केलं, तेच काम.

पुण्याचं उदाहरण इथे ठेवतो. रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनचा कारभार आजही याच नावाच्या सोसायटीकडे आहे. दर जानेवारीत तिथे पुष्पप्रदर्शन भरतं, आणि पुणेकर कुंड्या घेऊन स्पर्धेला जातात. तिथे बाग कोणाची, हे सांगावं लागत नाही.

भायखळ्याला जाल तेव्हा पेंग्विनच्या रांगेत उभं राहण्याआधी उर्वशीचं झाड विचारा. थंडीच्या दिवसांत गेलात तर लाल फुलांचे झुपके खाली लोंबताना दिसतील.