कुंपणावरचं विष घरात कसं आलं?

विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने मांजरांवर काय बोलावं? पण विषय इतिहासाचाच आहे. विषारी झाडं आपल्या मुलखात पूर्वीपासून आहेत आणि मांजरंही पूर्वीपासून आहेत. तरी त्या दोघांची गाठ क्वचितच पडत असे. आज ती रोज पडते. हे कसं घडलं ते पाहू, आणि त्यातून घरी काय करायचं तेही शेवटी सांगतो.

आधी जुनं गाव डोळ्यांसमोर आणा. अंगणात तुळस, परसात अळू आणि कर्दळ, शेताच्या बांधावर एरंड, कुंपणाला शेर, निवडुंग, कण्हेर. कुंपणाला हीच झाडं का? कारण जनावर त्यांना तोंड लावत नाही. रुई मारुतीला, धोत्रा महादेवाला. म्हणजे ही झाडं देवळापर्यंत जायची, स्वयंपाकघरात येत नसत. गौरीच्या सणाला कळलावीची फुलं काही भागांत घरात येतात, पण तीही सणापुरती. मांजर होतं ते धान्याच्या कणगीपाशी, उंदरांसाठी. पोट बिघडलं की बाहेर जाऊन हरळी खायचं, ओकायचं आणि परत यायचं. विषाची जागा ठरलेली होती आणि मांजराला बाहेरची वाट मोकळी होती.

हे सगळं कोणी पाटीवर लिहून ठेवलं नव्हतं. ते नावांमध्ये होतं. संस्कृतात कण्हेरीला ‘हयमारक’ म्हटलंय, म्हणजे घोड्याला मारणारी. धोत्र्याला ‘उन्मत्त’. सुश्रुताच्या कल्पस्थानात स्थावर विषाची दहा ठिकाणं मोजली आहेत: मूळ, पान, फळ, फूल, साल, चीक वगैरे. एवढा ग्रंथ सगळ्यांनी वाचला नव्हता. पण नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि नाव म्हणजेच इशारा होता. आळंदीत नामाचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको!

आता इथून पंधराएक किलोमीटरवर, दापोडीला जाऊ. इंग्रजी कागदपत्रांत तिला ‘दापुरी’ म्हणतात. पेशव्यांच्या कवायती फौजेचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा तिथे बंगला होता. १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कम यांनी तो सरकारासाठी घेतला आणि तिथे मुंबई सरकारची वनस्पती बाग उभी राहिली. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन बागेचे प्रमुख होते. औषधी झाडं लावायची, बियाणं वाटायचं, परदेशी झाडं इथे रुजतात का ते बघायचं, असं काम. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका गोवेकरी-पोर्तुगीज वळणाच्या चित्रकाराकडून झाडांची चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कोणी नोंदवलं नाही. त्या चित्रांत देशी आणि परदेशी झाडं शेजारी शेजारी बसलेली दिसतात. पुढे १८६५ मध्ये बाग बंद झाली आणि १८७३ मध्ये गणेशखिंडीला नवी सुरू झाली.

परदेशी झाडं आली म्हणून सगळं बिघडलं, असं मी म्हणत नाही. पिवळी कण्हेर पाहा. ती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. पण आपल्या लोकांनी तिला ‘कण्हेर’च म्हटलं, आणि ते बरोबर होतं. ती कण्हेरीच्याच कुळातली, आणि विषही तसंच, हृदयावर चालणारं. नाव दिलं त्याबरोबर सावधपणाही दिला. घाणेरीसुद्धा अमेरिकेतून आलेली, पण नाव ऐकूनच माणूस चार पावलं लांब राहतो.

हे नाव देणं पुढे थांबलं. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, मग भोसरी, चिंचवड, चाकण. वाडा गेला, फ्लॅट आला. परसाची बाल्कनी झाली. मांजरही आत आलं आणि दार बंद झालं. नर्सरीतून आलेल्या कुंडीला आता नाव काय? ‘शो-प्लांट’. नाहीतर ‘मनी प्लांट’, ‘लकी’ अमुक, ‘पीस’ तमुक. ही नावं विकण्यासाठी आहेत, ओळखण्यासाठी नाहीत. डिफेनबॅकियाला इंग्रजीत ‘मुका करणारा ऊस’ अशा अर्थाचं नाव आहे, कारण ते चावलं की जीभ सुजून बोलता येत नाही. आपल्याकडे झाड आलं, नाव वाटेत गळालं.

गंमत म्हणजे हे विष आपल्या बायकांना उत्तम ठाऊक आहे. अळू खाजतं ना? म्हणून आपण फदफद्यात चिंच घालतो आणि नीट शिजवतो. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांची. मनी प्लांट, डिफेनबॅकिया, सिंगोनियम, पीस लिली ही सगळी अळूचीच भावंडं. मांजर ते कच्चंच चावतं. मग लाळ गळते, तोंड सुजतं, खाणं सुटतं. बहुतेक वेळा जीव वाचतो, पण हाल होतात.

मांजर याबाबतीत माणसापेक्षा, कुत्र्यापेक्षाही नाजूक आहे. ते निव्वळ मांसाहारी. बाहेरची रसायनं निकामी करण्याची यकृताची एक महत्त्वाची वाट त्याच्यात फार अरुंद आहे. म्हणून आपली साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. शिवाय अंगाला लागलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. वास्तुशांतीला, वाढदिवसाला जे मोठे गुच्छ येतात त्यांत लिली असते. पीस लिली नव्हे. कांद्यापासून उगवणारी, मोठ्या फुलाची, पिवळ्या-तपकिरी परागांची खरी लिली. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं बंद पाडू शकतं. आधी ओकारी, सुस्ती. मग बरं वाटल्यासारखं दिसतं. आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी. कुत्र्याला असं होत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. डे-लिलीचंही तेच. अशा घरात आईवडील दोघं शिफ्टला गेलेले, मांजर दिवसभर गुच्छाजवळ एकटं. लहान मुलाला संध्याकाळी काय सांगणार?

तेव्हा करायचं काय? लिलीचा गुच्छ मांजराच्या घरात घेऊच नका; उंच ठेवून उपयोग नाही, मांजर चढतं. सायकस, कण्हेर, कलांचो, पानफुटी, एरंड, कळलावी घरात आणि बाल्कनीत नकोत. सायकसचं बी तर यकृताचा घात करतं. कोरफड आणि स्नेक प्लांटने ओकाऱ्या-जुलाब होतात. ती टांगा किंवा देऊन टाका. तुळस, गुलाब, अरेका पाम, स्पायडर प्लांट खुशाल ठेवा. आणि एका कुंडीत मूठभर गहू पेरा. गवत खायची त्याची जुनी सवय आहे, तिला जागा द्या.

खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, ते स्वतःच घातक आहे. दूध-तुपाची वाट बघत बसू नका. तोंडातला, अंगावरचा पाला-पराग पुसा, झाडाची फांदी पिशवीत घाला आणि लक्षणं दिसायच्या आत पशुवैद्याकडे जा. लिलीच्या बाबतीत पहिल्या काही तासांत सलाइन सुरू झालं तर वाचण्याची आशा चांगली असते. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर ती झपाट्याने कमी होते.

आणि एक सवय लावून घ्या. नर्सरीत ‘हे केवढ्याला?’ विचारण्याआधी ‘याचं खरं नाव काय?’ विचारा. नाव सांगता येत नसेल, तर ते रोप तिथेच राहू द्या. आपल्या पूर्वजांनी प्रत्येक झाड चाखून, जनावरं गमावून ही नावं कमावली. नव्या झाडांना तसं नाव द्यायचं काम आपल्याकडे आहे. मुक्या जनावराला नाव वाचता येत नाही. ते आपल्यालाच वाचावं लागतं.