आरसा गेल्यावर: मिररलेस कॅमेऱ्याची कुळकथा

मिररलेस कॅमेरा म्हणजे ज्याची भिंगे बदलता येतात, पण ज्याच्या पोटात आरसा नसतो असा डिजिटल कॅमेरा. तो एसएलआरचा, म्हणजे भिंगातून आलेले दृश्य आरशाकरवी डोळ्याला दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा थेट वंशज आहे असे सर्रास समजले जाते आणि हौशी छायाचित्रकार त्याची पारख करताना एसएलआरचीच मापे लावतात. कुळ शोधत मागे गेल्यास मात्र त्याचे नाते एकीकडे आरशाविना जन्मलेल्या फिल्म-कॅमेऱ्याशी आणि दुसरीकडे व्हिडिओ कॅमेऱ्याशी जुळते, आणि पारखेचे खरे निकषही तिथूनच हाती लागतात.

ओस्कार बार्नाक यांनी घडवलेला आणि 1925 मध्ये बाजारात आलेला लायका हा 35 मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा मुळातच बिनआरशाचा होता. त्यात दृश्य पाहण्याची खिडकी वेगळी आणि चित्र टिपणारे भिंग वेगळे असल्यामुळे जवळच्या वस्तूबाबत डोळ्याला दिसलेली चौकट आणि फिल्मवर उमटलेली चौकट यांत फरक पडे. या फरकाला पॅरलॅक्स म्हणतात. हा दोष घालवण्यासाठी भिंगामागे 45 अंशांत आरसा बसवण्याची युक्ती जुनी होती, कारण थॉमस सटन यांनी इंग्लंडमध्ये तिचे पेटंट 1861 मध्येच घेतले होते. 35 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात ती ड्रेस्डेनच्या किने एक्झाक्टाने 1936 मध्ये आणली, 1949 च्या कॉन्टॅक्स एसने पंचकोनी लोलक बसवून डावी-उजवी बाजू उलटी दिसण्याची अडचण दूर केली, जपानच्या असाहीने 1954 मध्ये चित्र टिपताच झटकन खाली परतणारा आरसा रुळवला आणि 1959 च्या निकॉन एफने या साऱ्याला व्यावसायिकांची मान्यता मिळवून दिली.

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ 1941 पासून तत्कालीन आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाई येथे राहून राजगोंडांची छायाचित्रे आणि चित्रफिती घेत होते, तेव्हा ही वंशावळ अर्ध्या वाटेवर होती. लंडनच्या सोआस या संस्थेत जतन झालेल्या त्यांच्या संग्रहाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते की त्या काळच्या फिल्मची प्रकाशग्राहकता फारच कमी होती, आणि म्हणून रात्रीच्या विधींपेक्षा दिवसाच्या उजेडातले जीवन टिपणे कितीतरी सोपे होते.

आरशाने पॅरलॅक्स घालवला खरा, पण त्याची किंमत यंत्राच्या अंगावर पडली. आरशाला हलायला जागा हवी म्हणून भिंगाचे माउंट आणि फिल्म यांतले अंतर, ज्याला फ्लँज अंतर म्हणतात, निकॉन एफमध्ये 46.5 मिलिमीटर ठेवावे लागले. आरसा वर उचलला जाताना खटका वाजे आणि चित्र टिपण्याच्या नेमक्या क्षणी डोळ्यासमोर अंधार होई. ऑटोफोकस आल्यावर फोकस मोजणारा भाग कॅमेऱ्याच्या तळाशी गेला, त्यामुळे त्याची आणि फिल्मची जुळणी केसभर जरी बिघडली तरी फोकस सतत पुढे किंवा मागे पडू लागला.

या बंधनातून सुटका ऑलिंपस आणि पॅनासोनिक यांनी ऑगस्ट 2008 मध्ये जाहीर केलेल्या मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीने केली. तिने आधीच्या फोर थर्ड्स पद्धतीचे फ्लँज अंतर 38.67 वरून 19.25 मिलिमीटरवर आणले आणि त्याच वर्षी आलेला पॅनासोनिक जी1 हा या कुळाचा मूळपुरुष ठरला. त्यात व्हिडिओ कॅमेऱ्याप्रमाणे संवेदकावर, म्हणजे फिल्मच्या जागी आलेल्या सेन्सरवर, पडणारे दृश्यच विजेच्या वाटेने एका चिमुकल्या पडद्यावर दाखवले जाई. हा पडदा तांबडा, हिरवा आणि निळा रंग एकामागून एक झरझर दाखवी, आणि डोळा पटकन वळवला की कडांना तिन्ही रंग सुटे दिसत. जी1 एका बॅटरीवर सुमारे 330 चित्रे देई, तर त्याच वर्षीचा आरशाचा निकॉन डी90 सुमारे 850. मिररलेस वीज खातो ही तक्रार तेव्हापासूनची आहे आणि तिच्यात अजूनही तथ्य आहे. पुढे 2013 च्या सोनी ए7 ने 35 मिलिमीटर फिल्मएवढा संवेदक या घराण्यात आणला, आणि 2018 मध्ये निकॉन व कॅनन यांनाही याच वाटेने यावे लागले.

आरसा गेला तरी त्याचे काम संपले नाही, ते संवेदकाच्या अंगावर आले. दृश्य दाखवणे, फोकस मोजणे आणि शेवटी चित्र टिपणे ही तिन्ही कामे आता त्यालाच करावी लागतात, आणि त्यामुळे संवेदकावरची सर्व माहिती ओळीओळीने वाचून काढायला किती वेळ लागतो हाच या कॅमेऱ्याचा सर्वांत महत्त्वाचा आकडा ठरतो. आश्चर्य म्हणजे जाहिरातीत मेगापिक्सेल ठळक छापले जातात आणि हा आकडा क्वचितच. मध्यम किमतीच्या अनेक कॅमेऱ्यांत हा वेळ 1/15 सेकंदाच्या आसपास असतो. निकॉन झेड9 मध्ये तो सुमारे 4 मिलिसेकंद इतका खाली आल्यामुळेच 2021 मध्ये त्या कॅमेऱ्यातून यांत्रिक शटर काढून टाकता आले, आणि 2023 च्या सोनी ए9 III ने सगळ्या ओळी एकाच क्षणी वाचून हा प्रश्नच मिटवला.

या आकड्याची कसोटी आदिलाबादेत दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या राजगोंडांच्या दंडारी या नृत्योत्सवात लागते. गुसाडी नर्तकाच्या डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट आणि हातात काठी असते. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरून तो गिरकी घेताना टिपला, तर वाचन संथ असलेल्या कॅमेऱ्यात सरळ काठी तिरकी उमटते, कारण वरची ओळ वाचल्यापासून खालची ओळ वाचेपर्यंत काठी पुढे सरकलेली असते. राख फासलेला, खोट्या दाढीमिशांचा चेहरा कॅमेरा चेहरा म्हणून ओळखतो की पुढे झुकलेल्या पिसांवरच फोकस ठेवतो, हेही तिथेच कळते.

इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे पौष अमावास्येच्या रात्री राजगोंडांच्या मेश्राम कुळाची नागोबाची महापूजा होते, आणि तिथे कसोटी वेगळी असते. पांढऱ्या वस्त्रांतील माणसे आणि भोवतीचा अंधार अशा दृश्यात पडद्यावरच उजेडाचा अंदाज आधी दिसणे हा मिररलेसचा मोठाच गुण आहे, आणि पूजेत खटका न वाजणे हा दुसरा. पण जत्रेतले अनेक एलईडी दिवे 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात; 1/15 सेकंदाच्या वाचनात अशी सहा-सात लुकलुक सामावते आणि शटरचा वेग जास्त असेल तर चित्रावर आडवे पट्टे उमटतात. अशा वेळी यांत्रिक शटरकडे वळावे लागते, म्हणून ते नसलेला स्वस्त कॅमेरा जत्रेसाठी घेऊ नये हेच बरे.

दुकानात पारख करताना यासाठी वेगळे साधन लागत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर लावून कॅमेरा दाराच्या चौकटीसमोरून झटक्याने आडवा फिरवावा आणि चौकट किती कलली ते पाहावे; मग एलईडीच्या उजेडात 1/1000 च्या वेगाने भिंतीचे चित्र घेऊन त्यावर आडवे पट्टे उमटतात का ते पाहावे.

घरात निकॉनची जुनी भिंगे पडून असलेल्या हौशी माणसाला कमी झालेले फ्लँज अंतर उपयोगी पडते. झेड माउंटचे अंतर 16 मिलिमीटर असल्याने उरलेले 30.5 मिलिमीटर भरून काढणाऱ्या अडॅप्टरने ती भिंगे नव्या कॅमेऱ्यावर चढतात, उलट झेडची भिंगे जुन्या बॉडीवर चालत नाहीत. मात्र ज्यांच्यात स्वतःची मोटर नाही आणि जी बॉडीतल्या स्क्रूने फिरत असत, ती एएफ-डी भिंगे निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर हातानेच फोकस करावी लागतात. फोकसमधल्या कडा पडद्यावर रंगवून दाखवण्याची, म्हणजे फोकस पीकिंगची, सोय त्या वेळी कामाला येते.