दंतोपचार व त्यांची निवड : बीड जिल्हा

बीड जिल्ह्यात दात, दाढा व हिरड्यांवर सर्वसाधारणपणे होणारे उपचार आणि त्यांतून निवड करताना रुग्णाने पाहावयाच्या बाबी. मराठवाड्यातील या अकरा तालुक्यांच्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५,८५,०४९ होती. येथील दंतारोग्यावर तीन गोष्टींचा ठसा आहे : बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड, मिश्री-तंबाखूची सवय आणि ऊसतोडीसाठी होणारे हंगामी स्थलांतर. यांपैकी तिसऱ्या गोष्टीचा विचार दंतवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत फारसा आढळत नाही. मात्र सुरू केलेला उपचार पुरा होणार की अर्धवट राहणार, हे येथे पुष्कळदा तीच ठरवते.

सोयी : बीड येथे जिल्हा रुग्णालय व आदित्य दंत महाविद्यालय आहे. अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी जिल्ह्याबाहेर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय (स्थापना १९८२) उपलब्ध आहे. अंबाजोगाई-परळीकडील रुग्णांना लातूर व आष्टीकडील रुग्णांना अहिल्यानगर जवळ पडते. दंत महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तेथे खर्च कमी येतो, पण वेळ जास्त लागतो व फेऱ्या वाढतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडी व शाळांतील मुलांच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे.

दात भरणे : कीड दाताच्या वरच्या दोन थरांपुरती असेल, तर ती कोरून खड्डा भरतात. ‘चांदी भरणे’ म्हणजे पारामिश्रित धातू, ‘सिमेंट भरणे’ म्हणजे बहुधा ग्लास आयोनोमर आणि दाताच्या रंगाचा मसाला म्हणजे कॉम्पोझिट. चांदी टिकाऊ असते, पण पाऱ्यामुळे तिचा वापर जगभर कमी होत आहे. कॉम्पोझिट दिसायला चांगले, पण ते बसवताना दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो. ग्लास आयोनोमर दाताला चिकटते व थोडे फ्लोराइड सोडते. चावण्याच्या जागी मात्र ते लवकर झिजते.

वीज वा यंत्रखुर्ची नसलेल्या ठिकाणी, फक्त हाताच्या अवजारांनी मऊ झालेली कीड खरवडून ग्लास आयोनोमर भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. तीत ड्रिल नसते व सहसा भूल द्यावी लागत नाही, त्यामुळे मुले घाबरत नाहीत. कीड जागीच थोपवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध आणि ग्लास आयोनोमर यांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. या औषधाने किडलेला भाग कायमचा काळा पडतो. पालकांना हे आधी सांगणे आवश्यक आहे. शाळा, वस्त्या आणि तांड्यांवरील शिबिरांसाठी या दोन्ही पद्धती सर्वाधिक योग्य आहेत.

रूट कॅनॉल : कीड नसेपर्यंत पोचली, की रात्री आपोआप ठणकणे व गरम लागताच कळ येऊन ती बराच वेळ राहणे ही लक्षणे दिसतात. अशा दातात मसाला भरून भागत नाही. आतली नस काढून, नळ्या साफ करून त्या बंद करतात. यास एक ते तीन बैठका लागतात. दाढेवर त्यानंतर कॅप बसवणे जरुरीचे असते, कारण पोकळ झालेली दाढ चावताना चिरते. कॅप धातूची, धातूवर सिरॅमिकची किंवा झिरकोनियाची असते. मागच्या दाढेला धातूची कॅप पुरेशी मजबूत व स्वस्त असते.

दात काढणे : दात हिरडीखाली फुटलेला असेल, आधाराचे हाड झिजून तो फार हलत असेल किंवा कॅप धरण्याइतका भाग उरला नसेल, तर काढणे हाच योग्य उपचार होय. एरवी तो स्वस्त वाटतो, पण नंतर शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात व समोरचा दात लांबतो. वरचा दात काढल्याने डोळे अधू होतात, या समजुतीला आधार नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे येणारी पहिली कायमची दाढ पुष्कळ घरांत दुधाची समजली जाते व किडू दिली जाते. ती पडून पुन्हा येत नाही.

काढलेल्या दाताची भरपाई : काढती कवळी, शेजारचे दात घासून बसवलेला ब्रिज व हाडात बसवलेला इम्प्लांट हे तीन पर्याय आहेत. इम्प्लांट हाडाशी जुळण्यास सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात. तंबाखू व अनियंत्रित मधुमेह यांमुळे तो निकामी होण्याचा धोका वाढतो. बाजारात बसून ‘पक्का दात’ लावून देणाऱ्यांपासून सावध राहावे. ते अ‍ॅक्रिलिकचा दात तारेने शेजारच्या दातांना बांधून वर मसाला थापतात. त्याखाली अन्न अडकते, हिरडी सडते व आधाराचे चांगले दातही हलू लागतात. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्याची नोंदणी बंधनकारक केली आहे. नोंदणी क्रमांक विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

डाग : तपकिरी दात घेऊन येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत डाग वरचा की आतला, हे आधी पाहावे लागते. मिश्री, तंबाखू व गुटख्याचा डाग वरून चढलेला असतो, हिरडीलगत व आतल्या बाजूने दाट दिसतो आणि दात साफ केल्यावर (स्केलिंग) निघतो. फ्लोरोसिसचा डाग दात घडतानाच आत बसलेला असतो. उजव्या-डाव्या जोडीच्या दातांवर तो सारखाच दिसतो. खडूसारखे पांढुरके पट्टे, मग तपकिरी छटा व तीव्र अवस्थेत खड्डे, असे त्याचे स्वरूप असते. तो स्केलिंगने, कोळशाने वा कोणत्याही पेस्टने जात नाही. सौम्य डागांवर वरचा थर किंचित घासण्याचा व तीव्र डागांवर कॉम्पोझिट किंवा व्हिनिअरचा उपाय आहे. डाग असूनही दात चांगला चावत असेल, तर उपचाराची घाई नको.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम व पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. कायमचे दात घडण्याचा काळ, म्हणजे जन्मापासून सुमारे आठ वर्षांपर्यंतचा, महत्त्वाचा असल्याने लहान मुलांच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी हाच खरा उपाय होय. २००८-०९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमात बीडचा समावेश आहे.

हिरड्या व तंबाखू : २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. स्केलिंगने दात हलत नाहीत. आधीच सैल झालेले दात कीटणाच्या आधाराने उभे असतात व ते निघाल्यावर हलणे जाणवते. तोंड कमी उघडणे, तिखट सोसेनासे होणे, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा ही कर्करोगाच्या तपासणीची लक्षणे समजावीत.

तारा लावणे : उपचार दीड-दोन वर्षे चालतो व दरमहा भेट लागते.

स्थलांतर व उपचाराचे वेळापत्रक : दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या ऊसतोड नवरा-बायकोच्या जोड्या (‘कोयता’) पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. उसाच्या फडावर खाडा (गैरहजेरी) पडला की पैसे कापले जातात, म्हणून दुखणारी दाढ गोळ्यांवर काढली जाते. रूट कॅनॉल अर्धवट टाकून गेल्यास तात्पुरता मसाला काही आठवड्यांत निघतो, जंतू पुन्हा आत शिरतात व वाचू शकणारी दाढ गमावावी लागते. निघण्यास थोडेच दिवस उरले असतील, तर नळ्या बंद करून पक्का मसाला भरून घ्यावा, दाढेची उंची थोडी कमी करून घ्यावी व कॅप परतल्यावर बसवावी. तेवढेही शक्य नसेल, तर दाढ काढणे हा अर्धवट उपचारापेक्षा सुरक्षित पर्याय आहे. त्यासाठी रुग्णाला निष्काळजी ठरवणे अन्यायाचे होय.

निवडीचे निकष : दात वाचण्याजोगा आहे का, एक्स-रेमध्ये काय दिसते, बैठका किती, एकूण खर्च कॅपसह किती व काहीच न केल्यास काय होईल, हे पाच प्रश्न उपचारापूर्वी विचारावेत. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या व गर्भारपण यांची माहिती आपणहून द्यावी. अँटिबायोटिकने सूज तात्पुरती उतरते, मूळ कारण जात नाही. ताप, गिळताना त्रास किंवा गळ्याकडे उतरणारी सूज असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी दुखण्याची वाट न पाहता पावसाळ्यातच लहानथोर सर्वांचे दात तपासून घ्यावेत. ऑगस्टमध्ये एका बैठकीत भरता येणारी दाढ जानेवारीत फडावर बहुधा काढावीच लागते.