मोठ्यांच्या मुळाक्षरांची कुळकथा

जुनं खरेदीखत किंवा महजराचा कागद उलगडला, की तळाशी नावांची रांग दिसते आणि नावांपुढे निशाण्या. कुणब्याच्या नावापुढे नांगर, सुतारापुढे त्याचं हत्यार, बाईमाणसाच्या नावापुढे बांगडी. नाव कारकुनाने लिहायचं आणि मालकाने निशाणी करायची. अक्षर येत नव्हतं, पण कागदावर माणूस आपल्या कामधंद्यासकट हजर असायचा. मग अंगठा आला. १८५८ साली बंगालमध्ये हुगळी नदीकाठच्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे बोटांचे ठसे ही सरकारी रीत झाली आणि नांगर-बांगडीची जागा शाईच्या डागाने घेतली. सरकारला ओळख पटवायला हा डाग सोयीचा, पण त्यातून माणसाचं काहीच कळत नाही. पुढे ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवीच झाली. मोठ्या माणसांना अक्षर शिकवण्याच्या पुस्तकाची कुळकथा या डागापासून सांगायला हवी, कारण शिकायला येणारा माणूस पहिल्या दिवशी हा डाग पुसायलाच आलेला असतो.

मराठी मुलखात मोठ्यांच्या शिक्षणाची पहिली ठळक नोंद पुण्याची आहे. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. त्याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं. भिक्षुकाकडून नाडलं गेलेलं कुणबी जोडपं त्यात अखेर शिकायचं ठरवतं. दिवसभर राबलेल्या माणसाची शाळा रात्रीच भरणार, हे तेव्हाच ठरून गेलं. मात्र या माणसापुढे कुठलं पुस्तक ठेवायचं, हा प्रश्न पुढची कितीतरी वर्षं कुणी नीट विचारला नाही. पोरांचं तेच थोरांचं. धूळपाटीवर बोट फिरवून ओनामा, मग मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं. चाळिशीच्या माणसालाही याच वाटेने जावं लागे.

आपल्या कोकण किनाऱ्यावर या प्रश्नाला वेगळी धार होती. मालवण, वेंगुर्ला, देवगड हा सगळा टापू तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. घरटी एखादा तरी पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा कुणाच्या घरकामाला असायचा. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि पुढे कोकणाला ‘मनीऑर्डरवर जगणारा मुलूख’ हे नावच पडलं. मनीऑर्डरच्या फॉर्मच्या कुपनावर निरोपापुरती चिमूटभर जागा असायची. मुंबईच्या खोलीत कुणीतरी लिहिता येणारा गाववाला तो निरोप लिहायचा आणि इकडे खळ्यात उभा राहून पोस्टमन तो वाचून दाखवायचा. नवरा-बायकोच्या बोलण्यात कायम दोन परकी माणसं. सासूचं दुखणं, कर्जाचा हप्ता, पोटातलं मूल, सगळं त्यांच्या तोंडून. पैसे घेताना बाई अंगठा उठवायची आणि साक्षीला कुणीतरी सही करायचा. अक्षराची गरज या मुलखाला कुणी भाषण करून पटवून द्यावी लागली नाही.

मुंबईत पुरुषांची थोडीफार सोय झाली. ना. म. जोशींनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रीच्या शाळा आणि फिरती वाचनालयं चालवली. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. खेर मूळचे रत्नागिरीचेच. त्यांच्या काळात, १९३९ साली, मुंबई शहरासाठी प्रौढशिक्षण समिती नेमली गेली आणि चाळीचाळींतून वर्ग सुरू झाले. गावाकडच्या बायका मात्र मागेच राहिल्या. कोकणातला पुरुष मुंबईत वाचायला शिकला आणि त्याची बायको पोस्टमनची वाट बघत राहिली, ही तफावत पुढे अनेक पिढ्या पुरली.

पुस्तकात खरा बदल झाला तो बाहेरून आलेल्या एका वाऱ्याने. फ्रँक लॉबाक हे अमेरिकन मिशनरी फिलिपिन्समधल्या लानाओ भागात काम करत होते. तिथे त्यांनी चित्रांचे तक्ते केले. चित्राचा आकार असा, की त्यातूनच अक्षर उमटावं आणि चित्राच्या नावात त्या अक्षराचा आवाज असावा. मंदीत पैसे आटले तेव्हा शिकलेल्याने दुसऱ्याला शिकवायचं ही रीत तिथे रुजली. १९३५ पासून लॉबाक वारंवार भारतात आले आणि इथल्या भाषांसाठी असे तक्ते करण्याच्या खटपटीत राहिले. मोठ्या माणसाच्या हाती पोरांचं पुस्तक देऊ नका, हे त्यांनी लोकांच्या गळी उतरवलं.

दुसरं वळण ब्राझीलचं. १९६३ साली पाउलो फ्रेरे यांनी आंगिकोस गावातल्या सुमारे ३०० कामकऱ्यांना ४० तासांत वाचायला शिकवायचा प्रयोग केला. सुरुवात अक्षराने नव्हती, त्यांच्या रोजच्या शब्दांनी होती. त्यातला एक शब्द विटेचा होता. वीट कोण भाजतं, घर कुणाचं बांधलं जातं, यावर आधी बोलणं व्हायचं. मग शब्दाचे तुकडे, प्रत्येक तुकड्याचं कुटुंब आणि त्या कुटुंबांतून नवे शब्द. १९६४ साली लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरेंना तुरुंगात टाकलं आणि पुढे त्यांना देश सोडावा लागला. फ्रेरेंनी रचलेली अक्षरांची कुटुंबं म्हणजे आपली बाराखडीच. क का कि की हा तक्ता मराठी पंतोजीकडे शतकानुशतकं होता. फक्त तो आधी पाठ करायचा आणि शब्द नंतर भेटायचा. क्रम उलटा केला की झालं.

हा उलटा क्रम मालवणच्या वर्गात कसा चालेल, ते करून बघू. जुन्या रीतीने बारा स्वर आणि छत्तीस व्यंजनं घोटायची. त्यात ङ आणि ञ हेही आले, जे रोजच्या लिहिण्यात सुटे जवळजवळ कधीच येत नाहीत. महिना जातो आणि हाती एक वाक्य नसतं. त्याऐवजी पहिल्या संध्याकाळी दोनच शब्द घ्या, माड आणि होडी. म, ड, ह ही तीन व्यंजनं, काना, दुसरी वेलांटी आणि काना-मात्रा. एवढ्यावर माडी, हाड, मोड, डोह, मोह हे शब्द होतात. मी, हा, ही, हो हे सुटे शब्दही होतात. ‘हा माड. ही होडी.’ ही दोन वाक्यं बाई पहिल्याच दिवशी वाचून घरी जाते. त्यानंतरचा धडा एसटीच्या पाट्यांचा. मालवण, कुडाळ, कणकवली, देवगड या चार नावांत नऊ व्यंजनं आहेत आणि एकही जोडाक्षर नाही. त्यांतून मुलगा, मुलगी, गाव, वेळ, डाळ, कणीक असे घरातले शब्द निघतात. पहिला रफार भेटतो तो थेट वेंगुर्ल्याला. कुणा शिक्षकाने बसून रचावा इतका सोपा हा क्रम आहे आणि तो आपल्या स्टँडवर रोज टांगलेला असतो.

अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. शिकायला आलेल्या बाईला सगळ्यांत आधी स्वतःचं नाव हवं असतं. आणि आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या बायकांची नावं बघा. लक्ष्मी, सावित्री, पार्वती, सरस्वती, रुक्मिणी, द्रौपदी. एकेक नाव म्हणजे जोडाक्षराचा डोंगर. ‘लक्ष्मी’त तर क, ष आणि म असे तीन जण एकमेकांच्या खांद्यावर. पुस्तकात जोडाक्षरं शेवटी येतात आणि बाईला नाव पहिल्या दिवशी हवं. मग शिक्षिका काय करते? हात धरून ते नाव रांगोळीसारखं गिरवून घेते. बाई सही करायला शिकते, पण त्या सहीतलं एकही अक्षर तिला दुसऱ्या शब्दात ओळखता येत नाही. सहीपुरती साक्षरता म्हणून लोक या बायकांना नावं ठेवतात. मला ते अन्यायाचं वाटतं. दोष क्रम ठरवणाऱ्याचा आहे. नाव आधी पूर्ण शब्द म्हणून द्यावं, त्यातलं सोपं अक्षर सोडवून दाखवावं आणि जोडाक्षर आल्यावर पुन्हा त्याच नावाकडे यावं.

सरकारी मोहिमांची वंशावळ थोडक्यात सांगता येते. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्या शिकलेल्यांनी बिनपगारी शिकवायचं आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. पुढे ती राज्यभर पसरली आणि युनेस्कोपर्यंत पोहोचली. समारंभानंतर वाचायला काही नसल्याने शिकलेलं विसरलं गेलं, हे तिचं दुखणं. १९७८ च्या २ ऑक्टोबरला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. दहा महिन्यांचे वर्ग, केंद्रात तीसेक माणसं. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. १९९० च्या फेब्रुवारीत केरळचा एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर जाहीर झाला आणि जिल्हाच हाती घ्यायची पद्धत देशभर गेली. महाराष्ट्रात या वाटेने सर्वांत आधी निघालेल्या जिल्ह्यांत वर्ध्याबरोबर सिंधुदुर्ग होता. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता.

साक्षरता मिशनच्या या जिल्हावार अभियानांत वापरलेलं पुस्तक मात्र जवळून बघण्यासारखं आहे. एकाच्या जागी तीन पुस्तिका, मिळून सुमारे २०० तासांचं काम. प्रत्येक पुस्तिकेत तीन चाचण्या आतच शिवलेल्या, म्हणजे परीक्षेला वेगळं कुणासमोर उभं राहायचं नाही. किती शिकलं म्हणजे पुरे, हेही पहिल्यांदा मोजमापात बांधलं गेलं. मोठ्याने वाचताना मिनिटाला ३० शब्द, मनात वाचताना ३५. बघून लिहिताना मिनिटाला ७ शब्द, ऐकून लिहिताना ५. छोटं पत्र आणि अर्ज स्वतःहून लिहिता यावा. १ ते १०० आकडे, तीन आकडी बेरीज-वजाबाकी, वजनमापं, घड्याळ आणि व्याज म्हणजे काय याची ढोबळ जाण. या यादीत पत्र, अर्ज आणि व्याज आलं, याचं मोल कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मनीऑर्डरच्या कुपनावरचा निरोप आणि सावकाराचा कागद, दोन्ही त्यात बसतात.

गणिताच्या बाबतीत हे पुस्तक शिकणाऱ्याला अजून कमी लेखतं, असं माझं मत आहे. मासळी बाजारात बसणारी बाई लिलावात बोली लावते, टोपली घेते, तिचे वाटे घालते, गिऱ्हाईकाशी घासाघीस करते आणि संध्याकाळी नफा-तोटा तोंडी सांगते. रापणीला जे हाताशी असतात त्यांच्या वाटणीचा हिशेबही तोंडीच होतो. बेरीज-वजाबाकी या माणसांना येते. त्यांना हवी असते ती आकड्याची खूण आणि बँकेच्या स्लिपवर कुठला आकडा कुठल्या घरात भरायचा याची माहिती. त्यांना दोन फुलं अधिक तीन फुलं शिकवणं म्हणजे त्यांचा वेळ खाणं आहे.

भाषेचं दुखणं याहून खोल. पुस्तिकेतली मराठी प्रमाण मराठी. वर्गात बसलेली बाई ‘माका’ म्हणते, पुस्तक ‘मला’ म्हणतं. ती ‘खंय’ विचारते, पुस्तक ‘कुठे’. तिचा ‘झील’ पुस्तकात ‘मुलगा’ असतो. तिला प्रमाण मराठी कळते, प्रश्न तो नाहीच. पण अक्षर शिकताना डोळ्यांनी जुळवलेला शब्द कानाने लगेच ओळखावा लागतो. तो आपल्या बोलीतला असेल तर जुळणी झटकन होते, नाहीतर बाई आधी वाचते, मग मनात उलथापालथ करते आणि मगच ओळखते. पहिले दहा धडे मालवणीत आणि पुढचे प्रमाण भाषेत, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडेल. देवनागरीत मालवणी लिहायला एकही नवं अक्षर लागत नाही.

आणि वयाचा प्रश्न. साक्षरता मिशनचा सगळा जोर १५ ते ३५ वयोगटावर होता. त्यामुळे पत्र वाचून घेण्यासाठी ज्यांनी आयुष्य घालवलं त्या म्हाताऱ्या बायका यादीबाहेर राहिल्या. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात पुरुषांची साक्षरता ९१.५८ टक्के आणि बायकांची ७९.८१ टक्के निघाली. राज्यात वरच्या रांगेत असलेल्या जिल्ह्यात बारा टक्क्यांची ही दरी आहे आणि तिच्यात मुंबईच्या मनीऑर्डरीची अनेक दशकं दडलेली आहेत.

सध्याचा वंशज म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला ‘उल्लास’ म्हणतात. २०२२ ते २०२७ असा त्याचा काळ आणि वयाची अट १५ च्या पुढे कितीही. ही वरची मर्यादा काढली, हे मला त्यातलं सर्वांत चांगलं काम वाटतं. पुस्तिकांचं नाव ‘उजास’. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०, मिळून १५० गुणांची चाचणी. राज्यात ती १७ मार्च २०२४ ला झाली आणि नातवाच्या शाळेत आज्या परीक्षेला बसल्या. शिकवणारे स्वयंसेवक, बहुतेक ठिकाणी घरातलंच किंवा शेजारचं पोर.

आता गरज आहे ती दुसऱ्या पुस्तकाची. साताऱ्याची मोहीम तिथेच अडली होती. १९८८ नंतर गावोगाव जनशिक्षण निलयम काढण्याची योजना झाली ती याच कारणाने, आणि तीही टिकली नाही. सिंधुदुर्गात तर सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर आणि वेंगुर्ल्याचं नगर वाचनालय यांच्यासारखी शंभरी ओलांडलेली वाचनालयं आहेत. पण मिनिटाला तीस शब्द वाचणाऱ्या माणसासाठी वेगळं कपाट मला फारसं कुठे दिसत नाही. त्या कपाटात मोठ्या टायपातली, पंधरा-वीस पानी पुस्तकं हवीत. माशांच्या जाती, मधुमेहाची पथ्यं, सातबारा कसा वाचायचा, वारस नोंदीचा अर्ज, दशावतारातल्या कथा, गावऱ्हाटीच्या गोष्टी. निम्मी मालवणीत. लिहिणारे इथे आहेत, छापखाने आहेत, वाचनालयाच्या समित्या आहेत. पुढची चाचणी होण्याआधी, गेल्या वेळी उत्तीर्ण झालेल्या बायकांना त्यांच्या वाडीतल्या शाळेतच ही पुस्तकं घरी न्यायला मिळावीत, आणि वाचून झाल्यावर बदलून घ्यायलाही.