जुन्या बुलेट-येझदीची रेस जड का होते? ती हलकी कशी करायची?

घरात वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी मोटरसायकल पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटली की बॅटरी, टायर, ब्रेक यांची चर्चा होते. रेसची मूठ जड लागत असेल तर मात्र ‘जुनी गाडी आहे, असंच असणार’ म्हणून सोडून दिलं जातं. तासाभरात मनगट दुखू लागतं, ट्रॅफिकमध्ये गाडी झटके देते. पण खरा धोका वेगळाच आहे. जी मूठ पिळताना अडते, ती सोडल्यावर परत येतानाही अडते. म्हणजे हात सैल सोडला तरी इंजिनाची रेस कमी होत नाही.

१९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेली बुलेट, म्हैसूरच्या कारखान्यातल्या जावा-येझदी, १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १००. या सगळ्या गाड्यांमध्ये मूठ आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये कोणतंही इलेक्ट्रॉनिक्स नाही, फक्त एक तार आहे. त्यामुळे बिघाड शोधणं सोपं आहे आणि दुरुस्तीही बहुतेक वेळा घरी होते.

मूठ पिळल्यावर नेमकं काय होतं?

मूठ फिरली की अ‍ॅक्सिलरेटर केबलची आतली तार (इनर) बाहेरच्या आवरणातून (आउटर) ओढली जाते. तारेचं दुसरं टोक कार्बोरेटरमधल्या नळकांड्यासारख्या स्लाइडला अडकवलेलं असतं. स्लाइड वर गेली की इंजिनाला जास्त हवा आणि पेट्रोल मिळतं. स्लाइडच्या डोक्यावरची स्प्रिंग तिला सतत खाली ढकलत असते. मूठ सोडल्यावर रेस कमी होते ती फक्त या स्प्रिंगमुळे.

थोडा गंज एवढा त्रास का देतो?

केबल जिथे जिथे वळते, तिथे तार आवरणाच्या भिंतीवर घासते. हे घर्षण वळणांप्रमाणे नुसतं वाढत नाही, तर गुणाकाराने वाढतं. समजा, स्प्रिंगची ओढ १ किलो आहे आणि केबलची सगळी वळणं मिळून १८० अंश होतात. तार गुळगुळीत असेल (घर्षण गुणांक ०.१) तर हाताला साधारण १.४ किलो जोर लावावा लागेल. तार कोरडी आणि गंजलेली असेल (गुणांक ०.४) तर तोच जोर ३.५ किलोंवर जातो.

परतीच्या प्रवासात हेच गणित उलटं होतं. चांगल्या केबलमध्ये स्प्रिंगच्या ओढीपैकी सुमारे ७३० ग्रॅम मुठीपर्यंत पोहोचते. गंजलेल्या केबलमध्ये जेमतेम २८५ ग्रॅम. मूठ जड होणं आणि उशिरा परतणं हे एकाच दुखण्याचे दोन चेहरे आहेत.

म्हणूनच स्प्रिंग कापणं किंवा तिच्या जागी नरम स्प्रिंग टाकणं हा उपाय नाही. हाताला हलकं वाटेल, पण रेस परत आणणारी एकमेव शक्ती कमी होईल. कमी करायचं ते घर्षण, स्प्रिंग नव्हे.

दोष कुठे आहे, ते आधी शोधा

इंजिन बंद ठेवा. मूठ पूर्ण पिळून एकदम सोडा. ती ‘टक’ आवाज करत जागेवर यायला हवी. हँडल सरळ, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे अशा तिन्ही स्थितींत हे करून पाहा. फक्त एका बाजूला वळवल्यावर मूठ जड होत असेल तर केबल कुठेतरी ताणली किंवा दाबली जात आहे.

तिन्ही स्थितींत जड असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बोरेटरचं वरचं झाकण उघडून स्लाइड बाहेर काढा, केबल दोन्ही टोकांना सोडवा आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. मूठ हँडलवर मोकळी फिरते का? तार आवरणात सहज सरकते का? स्लाइड कार्बोरेटरमध्ये स्वतःच्या वजनाने खाली जाते का? हे काम मोकळ्या हवेत करा, आसपास विडी-सिगारेट किंवा पेटती वस्तू नको.

मूठ अडत असेल तर

जुनं ग्रीस धुळीसोबत वाळून चिकट झालेलं असतं. मूठ काढा, हँडलची नळी रॉकेलने पुसा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा आणि ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. नवं रबर बसवलं असेल तर ते हँडलच्या टोकाला किंवा स्विचच्या डबीला घासत नाही ना, ते पाहा. दोन्हीकडे थोडी फट हवी. काही जुन्या ब्रिटिश धाटणीच्या मुठींना खालच्या बाजूला घर्षण वाढवणारा स्क्रू असतो. तोच जास्त आवळला गेला असेल तर बाकी काहीही न करता, तो सैल केला की काम होतं.

केबल अडत असेल तर

आधी टोकांकडे पाहा. तारेचा एक जरी धागा तुटून बाहेर आला असेल, आवरणाला मोड पडला असेल किंवा टोकाचा निप्पल हलत असेल तर तेल देत बसू नका, केबल बदला. तुटलेला धागा आवरणात अडकला तर रेस उघडीच राहू शकते.

केबल धडधाकट असेल तर ती उभी टांगा. दुधाच्या रिकाम्या, धुतलेल्या पिशवीचा कोपरा कापून तो केबलच्या वरच्या टोकाला रबरबँडने घट्ट बांधा आणि या नरसाळ्यात शिवणयंत्राचं पातळ तेल ओता. अधूनमधून तार वर-खाली करा. रात्रभर ठेवल्यावर खालून आधी काळपट, मग स्वच्छ तेल ठिबकतं. ग्रीस इथे नको, ते आत नीट पोहोचत नाही आणि धूळ धरतं. खोबरेल तेल तर नकोच. ते साधारण २४ अंशांखाली गोठायला लागतं. पुण्या-नाशिकच्या थंडीतल्या सकाळी मूठ आणखी जड होईल. गंज सोडवणारा स्प्रे साफसफाईला चांगला, पण त्यानंतर तेल द्यावंच लागतं. नवीन केबलला आतून टेफ्लॉनचं अस्तर असेल तर उत्पादकाने सांगितल्याशिवाय तेल देऊ नका.

परत बसवताना केबलला मोठी, सैल वळणं द्या. पेट्रोलच्या टाकीखाली चेपणं आणि हँडलजवळ पट्टीने करकचून बांधणं, या दोन चुका नेहमी दिसतात.

स्लाइड अडत असेल तर

उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून गेल्यावर मागे चिकट थर राहतो. स्लाइड आणि तिची जागा कार्बोरेटर क्लीनरने धुवा, खरखरीत कागदाने घासू नका. थर नसूनही स्लाइड अडत असेल तर कार्बोरेटरचे नट जास्त आवळले गेले असू शकतात. त्यामुळे नरम मिश्रधातूची बॉडी वाकते आणि स्लाइडला जागा पुरत नाही. नट सैल केल्यावर स्लाइड मोकळी झाली तर कारण सापडलं.

स्लाइड परत घालताना तिची खाच बॉडीतल्या पिनशी जुळायला हवी आणि तिरका काप एअर फिल्टरच्या बाजूला हवा. उलटी घालून झाकण लावलं तर स्लाइड वरच राहते आणि किक मारताच इंजिन पूर्ण रेसमध्ये सुरू होतं.

आरएक्स १०० असेल तर

या गाडीत मुठीची केबल पुढे विभागते. एक शाखा कार्बोरेटरकडे, दुसरी ऑइल पंपाकडे जाते. पंपाची केबल चुकीची लागली तर इंजिनाला कमी ऑइल मिळून ते जाम होऊ शकतं. त्यामुळे पंपावरची खूण जुळवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

गाडी सुरू करण्याआधी

केबलमध्ये थोडा ढिलेपणा ठेवा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मूठ दहा वेळा पिळून सोडा, प्रत्येक वेळी ‘टक’ आवाज यायला हवा. मग इंजिन सुरू करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. रेस आपोआप वाढली तर केबल ताणली जात आहे, ती पुन्हा बसवा.

आणि चालत्या गाडीत रेस अडकलीच तर? आधी क्लच दाबा, मग किल स्विच किंवा चावीने इंजिन बंद करा आणि ब्रेक लावत कडेला या. इंजिन काही क्षण किंचाळेल, घाबरून क्लच सोडू नका. आपल्या गाडीत इंजिन बंद करायची सोय नेमकी कुठे आहे, हे उभ्या गाडीवर दोन-चार वेळा हाताने चाचपून ठेवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत किल स्विच नसतो.