केसपेपर ते संकेतांक : अमेरिकेतील वैद्यकीय कार्यालयीन शिक्षणाची जडणघडण

रुग्णालय व्यवस्थापन हा विषय आज महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत स्थिरावला आहे. नोंदणी, केसपेपर, देयके आणि विम्याचे दावे सांभाळणाऱ्या प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज सांगून असे अभ्यासक्रम सुरू केले जातात आणि रोजगाराची संधी हाच त्यांच्या समर्थनाचा मुख्य आधार असतो. तथापि ज्या अमेरिकेत या शिक्षणाला आजचे रूप आले, तेथील इतिहास पाहता असे दिसते की, रुग्णालयातील नोंदकामाला व्यवसायाची प्रतिष्ठा मिळाली ती पैशाच्या हिशेबातून नव्हे, तर रुग्ण बरा झाला की नाही या प्रश्नातून. हा प्रश्न पुढे मागे कसा पडत गेला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

बॉस्टनचे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल १८२१ मध्ये रुग्णांसाठी खुले झाले. पाऊणशे वर्षांत तेथे रुग्णनोंदींचा मोठा साठा झाला होता. १८९७ मध्ये त्याची व्यवस्था ग्रेस व्हाइटिंग मायर्स यांच्याकडे सोपविण्यात आली. रुग्णालयाचे ग्रंथालय आणि रुग्णनोंदी या दोहोंची जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि त्यामुळेच या नव्या व्यवसायाला ‘मेडिकल रेकॉर्ड लायब्रेरियन’ हे नाव मिळाले. ते समर्पक होते. नोंद लिहिली गेली, तरी हवी तेव्हा ती सापडली नाही तर तिचा उपयोग नाही, हे ग्रंथपालाला वेगळे सांगावे लागत नाही.

याच रुग्णालयात अर्नेस्ट ॲमोरी कॉडमन (१८६९–१९४०) हे शल्यचिकित्सक होते. प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवावे, किमान एक वर्षानंतर त्याची प्रकृती पाहावी, अपयश आले असल्यास त्याचे कारण लिहावे आणि ते सर्व प्रसिद्ध करावे, अशी त्यांची ‘एंड रिझल्ट’ अर्थात अंतिम परिणामाची कल्पना होती. ज्येष्ठतेनुसार बढती देण्याच्या प्रथेच्या निषेधार्थ त्यांनी १९१४ मध्ये राजीनामा दिला. १९१५ मध्ये एका सभेत बॉस्टनमधील प्रतिष्ठित वैद्यकवर्गाची खिल्ली उडविणारे व्यंगचित्र त्यांनी झळकविले आणि त्यापायी स्थानिक वैद्यकीय संस्थेतील पदही गमावले. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले होते. १९११ ते १९१६ या काळात तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा वृत्तान्त त्यांनी छापला, त्यात स्वतःच्या रुग्णालयातील १२३ चुकांची नोंद आहे. आपल्या चुका मोजून त्या छापणारा डॉक्टर सहकाऱ्यांना गैरसोयीचा वाटावा, यात नवल नव्हते.

तथापि कॉडमन यांचा विचार पूर्णतः वाया गेला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेच्या रुग्णालय प्रमाणीकरणविषयक समितीचे ते अध्यक्ष होते, आणि १९१७ मध्ये या संस्थेने रुग्णालयांसाठी ‘किमान मानक’ तयार केले. एका पानात मावेल एवढ्या या मसुद्यातील एक अट सर्व रुग्णांच्या अचूक, पूर्ण आणि सहज उपलब्ध होणाऱ्या नोंदींची होती. घरी जातानाची प्रकृती आणि नंतरचा पाठपुरावा यांचाही त्यात समावेश होता. या मानकानुसार १०० किंवा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा केवळ ८९ उत्तीर्ण ठरली. नापासांत देशातील काही नामवंत संस्था होत्या. १९१९ मध्ये न्यूयॉर्क येथे केवळ आकडे जाहीर करण्यात आले आणि नावांची यादी वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकण्यात आली. परिणामांच्या प्रसिद्धीचा आग्रह धरणाऱ्या चळवळीचा पहिलाच निकाल असा भस्मसात व्हावा, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही. मात्र मानक कायम राहिले. मान्यता हवी असलेल्या रुग्णालयाला नोंदी सांभाळणारी जाणती व्यक्ती नेमणे भाग पडू लागले, आणि येथूनच प्रशिक्षणाची गरज निर्माण झाली.

१९२८ मध्ये बॉस्टन येथे नोंदपालांची संघटना स्थापन झाली, मायर्स तिच्या पहिल्या अध्यक्ष. १९३५ मध्ये मिनेसोटातील डुलुथ येथे बेनेडिक्टाइन भगिनींच्या सेंट स्कॉलॅस्टिका महाविद्यालयात या विषयाचे पदवी शिक्षण सुरू झाले. त्याच सुमारास, १९३४ मध्ये, शिकागो विद्यापीठाच्या वाणिज्य विभागात मायकेल डेव्हिस यांच्या पुढाकाराने रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आकारास आला. डेव्हिस डॉक्टर नव्हते, समाजशास्त्राचे विद्वान होते. १९२९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी रुग्णालयाला अब्जावधी डॉलर्सचा व्यवसाय मानून त्यासाठी प्रशिक्षित अधिकाऱ्यांची मागणी केली होती. या दोन अभ्यासक्रमांची तुलना उद्बोधक आहे. एक स्त्रियांच्या महाविद्यालयात, दुसरा विद्यापीठाच्या वाणिज्य विभागात. एकातून नोंदपाल तयार व्हायचे, दुसऱ्यातून अधिकारी. नोंद आणि निर्णय यांची ही फारकत पुढील सर्व शिक्षणात टिकून राहिली. डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यांतील साहाय्यकांनी १९५६ मध्ये स्वतःची राष्ट्रीय संघटना उभारली, ती या उतरंडीतील आणखी खालची पायरी होय.

१९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजनांचा कायदा झाला, तेव्हा नोंदीचा वाचक बदलला. पूर्वी ती डॉक्टरांसाठी होती, आता पैसे देणारे शासनही ती वाचू लागले. निर्णायक वळण मात्र १९८३ चे. येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्प्सन यांनी रुग्णांचे निदानाधारित गट पाडण्याची पद्धत विकसित केली होती. थॉम्प्सन मूळचे परिचारक. रुग्णालयांच्या कामाची परस्परांशी तुलना करता यावी, हा या गटांचा मूळ हेतू, म्हणजे कॉडमन यांच्या प्रश्नाशी नाते सांगणारा. १९८३ पासून मेडिकेअरने हेच गट रुग्णालयांना द्यावयाच्या ठराविक रकमेचा आधार म्हणून स्वीकारले. निदानाचा क्रम आणि शब्द बदलला की रक्कम बदलू शकते, हे स्पष्ट झाले. डोनाल्ड सिम्बोर्ग या डॉक्टरांनी तर १९८१ मध्येच, आर्थिक लाभासाठी निदाने फुगविली जातील, असा इशारा दिला होता. १९८९ पासून डॉक्टरांच्या कार्यालयांतून जाणाऱ्या मेडिकेअरच्या दाव्यांवरही निदानाचे संकेतांक बंधनकारक झाले.

साहजिकच शिक्षणाचा भर बदलला. शरीररचना, रोगनामे आणि नोंदींची जपणूक यांच्या जोडीला संकेतांकन आणि दाव्यांचे नियम आले, आणि नोकरीच्या बाजारात तेच वरचढ ठरले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संकेतांककारांच्या संघटनेची प्रमाणपत्र परीक्षा आज भारतातही दिली जाते. पुणे व नवी मुंबईतील कंपन्यांत जीवशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर अमेरिकी रुग्णांच्या नोंदी वाचून त्यांना संकेतांक देतात. रुग्ण त्यांच्यासमोर कधीच येत नाही. १९१७ च्या मसुद्यात रुग्ण घरी गेल्यानंतरच्या पाठपुराव्याला जागा होती, दाव्याच्या नमुन्यात मात्र एक वर्षानंतर तो कसा आहे हे लिहिण्यासाठी रकाना नाही.

कॉडमन यांच्या बॉस्टनजवळील कबरीवर ७४ वर्षे नावाचा दगडही नव्हता. तो २०१४ मध्ये बसविण्यात आला.