तुर्भ्याचे धातु

घाटकोपर-चेंबूरच्या बाजूनें आग्नेयेस दृष्टि टाकिली असतां हजारएक फूट उंचीचा एक डोंगर दिसतो. तो तुर्भ्याचा डोंगर. इंग्रजी वळणानें ट्राँबे. त्याच्या पायथ्याशीं, खाडीच्या कांठीं, 1954 सालीं डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखालीं अणुशक्तीचें संशोधनकेंद्र उभें राहिलें. 1967 पासून त्यास भाभांचेंच नांव आहे. अणुशक्ति म्हटली कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें अणुभट्टीचा घुमट येतो, नाहीं तर स्फोटाचा धूर. परंतु तुर्भ्याचा खरा इतिहास पाहूं गेल्यास तो मुख्यतः पदार्थांचा इतिहास आहे: कोणता धातु शुद्ध करितां आला, कोणता आला नाहीं, आणि जो बाहेरून मिळेना त्याच्या जागीं काय घडविलें, याचा.

या इतिहासाचा आरंभ मुंबईंत नव्हे, केरळच्या समुद्रकिनाऱ्यावर होतो. तेथील काळसर वाळूंत मोनाझाईट नांवाचें खनिज आहे. त्यांत थोरियम पुष्कळ आणि युरेनियम अगदीं थोडें. 1952 सालीं आलुवा येथें या खनिजावर प्रक्रिया करणारा कारखाना निघाला, आणि 1955 पासून तेथील माल तुर्भ्यास येऊं लागला. त्यांतील थोरियमपासून गॅसबत्तीच्या जाळीस लागणारा क्षार तयार होई. ज्या पदार्थावर पुढील शतकाची वीज काढावयाची, तो आरंभीं बाजारांतील बत्त्या उजळीत होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

4 ऑगस्ट 1956 रोजीं ‘अप्सरा’ ही भारतांतील पहिली अणुभट्टी तुर्भ्यास चालूं झाली. तिची उभारणी स्वदेशी होती; इंधन मात्र ब्रिटनहून आलें होतें. दुसऱ्याच्या इंधनावर चालणारी भट्टी ही शेजाऱ्याच्या विहिरीवर लावलेल्या बागेसारखी होय. तेव्हां युरेनियम आपण शुद्ध करावयाचें असा निश्चय झाला. हें काम ज्यांच्याकडे आलें ते डॉ. ब्रह्मप्रकाश (1912–1984) मूळचे लाहोरचे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत धातुशास्त्राचें उच्च शिक्षण घेऊन ते बंगळूरच्या भारतीय विज्ञानसंस्थेंत धातुशास्त्र विभागाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, आणि तेथून तुर्भ्यास आले.

येथें शुद्धता म्हणजे काय, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. युरेनियमचा परमाणु फुटतो तेव्हां त्यांतून न्यूट्रॉन नांवाचे कण सुटतात. त्यांतील एखादा दुसऱ्या परमाणूस फोडतो, आणि अशी साखळी चालूं राहते. वाटेंत बोरॉनसारखा अधाशी पदार्थ आला कीं तो न्यूट्रॉन गिळून टाकतो आणि साखळी तुटते. सोनाराच्या कसोटीस जी भेसळ दिसणारहि नाहीं, ती येथें घातक ठरते; दहा लाख भागांत एक भाग बोरॉनहि खपत नाहीं. म्हणून कच्चें युरेनियम नत्राम्लांत विरघळवून, एका द्रावकानें त्यांतील युरेनियम तेवढें ओढून घ्यावयाचें. मग भाजून त्याचें हिरवें फ्लोराइड करावयाचें. आणि शेवटीं कॅल्शियमसारख्या धातूकडून त्या फ्लोराइडांतील फ्लोरीन हिरावून घ्यावयाचा, तेव्हां तळाशीं शुद्ध धातूचा गोळा उरतो. असा पहिला गोळा तुर्भ्यास 30 जानेवारी 1959 रोजीं निघाला. पुढील वर्षीं फेब्रुवारींत त्या धातूच्या पहिल्या 10 इंधनकांबी तयार झाल्या, आणि 10 जुलै 1960 रोजीं कॅनडाच्या मदतीनें बांधलेली ‘सायरस’ भट्टी चालूं झाली. तिच्यांत कॅनडाच्या कांबींबरोबर तुर्भ्याच्याहि कांबी होत्या.

दुसरी परीक्षा झिर्कोनियमची. वीज देणाऱ्या भट्ट्यांत इंधनावर जें धातूचें आवरण घालतात, तें याचें. हा धातुहि केरळच्याच वाळूंत सांपडतो. पण त्याच्याबरोबर हाफ्नियम नांवाचा जुळा भाऊ असतो. रसायनदृष्ट्या दोघे इतके सारखे कीं ओळखूं येऊं नयेत. मात्र झिर्कोनियम न्यूट्रॉनला वाट देतो आणि हाफ्नियम त्याच्या कित्येक शतपट न्यूट्रॉन गिळतो. या जुळ्यांची ताटातूट करण्याची रीति तुर्भ्याच्या प्रयोगशाळांत बसविली गेली, आणि तिच्या आधारावर हैदराबादेस अणुइंधनाचा मोठा कारखाना उभा राहिला.

तथापि खरी कसोटी पुढेंच होती. मद्रासजवळ कल्पाक्कम येथें फ्रेंच नमुन्यावरून एक शीघ्र प्रजनक भट्टी बांधण्याचें काम चालूं होतें. तिला समृद्ध युरेनियम लागणार होतें. 18 मे 1974 रोजीं पोखरण येथें अणुस्फोट झाला. शांततेसाठीं दिलेल्या सायरस भट्टींतील प्लुटोनियम त्यांत वापरलें गेलें, हा कॅनडाचा आक्षेप होता, आणि तो केवळ निराधार म्हणतां येत नाहीं. परिणाम असा झाला कीं परदेशचें सहकार्य आटलें आणि समृद्ध युरेनियमची आशा सुटली. भट्टी उभी राहत होती. तिच्या पोटांत घालावयास कांहीं नव्हतें.

जवळ होतें तें तुर्भ्यासच काढलेलें प्लुटोनियम. पण त्याचें प्रमाण फार वाढविलें तर नेहमींचें ऑक्साइड इंधन भट्टींतील द्रवरूप सोडियमशीं जुळत नाहीं. तेव्हां तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनीं कार्बाइडाची वाट धरली: 70 भाग प्लुटोनियम कार्बाइड, 30 भाग युरेनियम कार्बाइड. असें इंधन जगांत कोणत्याहि भट्टीचें मुख्य इंधन म्हणून वापरलें गेलें नव्हतें. त्याची भुकटी हवेंत पेट घेते, दमटपणानें बिघडते, आणि प्लुटोनियमचा कण श्वासांतून शरीरांत गेला तर घात करतो. म्हणून बंद पेट्यांत निष्क्रिय वायु भरून, बाहेरून रबरी हातमोज्यांत हात घालून हें सर्व काम करावें लागे. 18 ऑक्टोबर 1985 रोजीं कल्पाक्कमची भट्टी याच इंधनावर चालूं झाली. आरंभीं त्याजकडून थोड्याच कामाची अपेक्षा होती. मग वापरलेल्या कांबी काढून, तपासून, मर्यादा एकेक पायरीनें वाढवीत नेली. आणि हें इंधन टनामागें 1 लाख मेगावॅट-दिवसांची सीमाहि ओलांडून गेलें.

या यशाचें माप मात्र नीट घेतलें पाहिजे. ज्या थोरियमसाठीं केरळची वाळू इतक्या आस्थेनें चाळली गेली, त्याची वीज अजून घरोघरीं आलेली नाहीं. थोरियमपासून घडविलेल्या युरेनियम-233 या इंधनावर 1996 सालीं कल्पाक्कमला ‘कामिनी’ ही भट्टी चालूं झाली. पण तिची शक्ति अवघी 30 किलोवॅट. धातूचा स्वभाव घोषणेनें बदलत नाहीं. त्याला गाळावें लागतें, तपासावें लागतें, आणि चुकल्यास पुन्हा मुशींत घालावें लागतें. या कामीं तुर्भ्यानें सात दशकें घालविलीं आहेत. उपनगरांतून रोज गाडीनें जाणाऱ्या लाखों लोकांस तो डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडील हा सावकाशीचा उद्योगहि त्यांस ठाऊक असावा.